रात्री नऊला उजाडणारं घर

मुलांनो, आधी नकाशा काढा बघू. भिंतीवरचा मोठा असला तर उत्तमच, नसला तर भूगोलाच्या पुस्तकातला चालेल. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर बोट ठेवा आणि सरळ उजवीकडे सरकत जा. बंगालचा उपसागर ओलांडा, थायलंड आणि व्हिएतनाम मागे टाका. पुढे समुद्रात कुणीतरी मूठभर पोहे सांडावेत तशी बेटं दिसतील. तो फिलिपिन्स देश. ही बेटं किती आहेत, ठाऊक आहे? ७,६४१! पूर्वी ७,१०७ म्हणत, पण २०१६ साली नवा आकडा जाहीर झाला आणि पाचशेहून जास्त बेटं वाढली. मी वर्गात रोज २९ मुलं मोजते तरी एखादं चुकतं, तर बेटांचं काय घेऊन बसलात!

या बेटांत अगदी दक्षिणेला मिंदानाओ नावाचं मोठं बेट आहे आणि त्याच्यावर दावाओ हे शहर. माझा धाकटा भाऊ तिथे डॉक्टरकी शिकतो. आपल्याकडची पुष्कळ मुलं तिथे शिकायला आहेत. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे तीन आठवडे राहून आले. जाताना मनात मोठे बेत होते. आपो नावाचा डोंगर बघायचा. तो फिलिपिन्समधला सर्वांत उंच, २,९५४ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे बघा! तिथला तो प्रचंड गरुड बघायचा, जो त्यांचा राष्ट्रीय पक्षी आहे. हे सगळं मी पाहिलं. आपो तर शहरातूनच दिसतो, अर्थात ढगांची मर्जी असेल तेव्हा. पण परत आल्यावर माझ्या वर्गाला मी सांगत बसले ते भलतंच. एका घराबद्दल. तेच आज तुम्हांलाही सांगते.

भाऊ आणि त्याचे दोन मित्र त्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. खाली घरमालकीण आजी, तिची मुलगी आणि नऊ वर्षांचा नातू. भाऊ त्या मुलीला "आते, आते" म्हणून हाक मारी. मी पहिल्या दिवशी चमकलेच. आमच्या वडिलांना बहीणच नाही, मग ही आते कुठून उपटली? नंतर कळलं, तिकडे 'आते' म्हणजे ताई! आजीला 'लोला' म्हणतात आणि आजोबांना 'लोलो'. दावाओत जी बिसाया भाषा बोलतात, तिच्यात लहान मुलाला 'दोंग' अशी हाक मारतात, जशी आमच्या मालवणीत "रे झिला" म्हणून मारतात. त्यामुळे मीही त्या तिघांना आते, लोला आणि दोंग असंच म्हणायला लागले. मला मात्र सगळे 'मॅम' म्हणत. तिकडे शिक्षिका कुठेही गेली तरी ती मॅमच. आणि गंमत म्हणजे फिलिपिनो भाषेत शिक्षकाला शब्द आहे 'गुरो'. आपला गुरू तो! चेहऱ्याला 'मुखा' आणि आशेला 'आसा'. फार जुन्या काळी हे शब्द व्यापाऱ्यांबरोबर बेटाबेटांवरून प्रवास करत तिथवर गेले. त्यांच्या हवामान खात्याचं नाव 'पागासा'. इंग्रजी नावाची आद्याक्षरं अशी जुळवली आहेत की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'आशा' होतो. वादळांच्या देशात हवामान खात्याला याहून चांगलं नाव कोणतं मिळणार?

लोलाचं घरातच दुकान होतं. त्याला 'सारी-सारी' म्हणतात, म्हणजे नाना प्रकारचं. रस्त्याकडच्या खिडकीला लोखंडी जाळी, जाळीत एक हात जाईल एवढं भोक आणि वरून शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबताहेत. गिऱ्हाईक येतं आणि बाहेरूनच "आयो!" अशी हाक देतं. "घरात कोण आहे का?" असा त्याचा अर्थ. इथे कुणी किलोवर काही घेत नाही. एक अंडं द्या. डोकेदुखीची एक गोळी द्या. दोन चमचे तेल द्या, तेही छोट्या प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून. या सुट्या विक्रीला तिकडे 'टिंगी' असा खास शब्दच आहे. हातात आजच्या दिवसापुरते पैसे असले की माणूस आजच्या दिवसापुरतंच घेतो, नाही का? लोलाकडे मोबाइलचं रिचार्जही सुटं मिळे. त्याला म्हणतात 'लोड'. हे 'लोड' नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आणि हो, उधारीची वही तिच्याकडेही होती. तिच्यातली नावं पुसट व्हायला लागली की लोला पेन्सिलीने पुन्हा गिरवायची!

घरात पाऊल टाकलं तेव्हा मला परदेशात आल्यासारखं वाटेचना. चपला दाराबाहेर. न्हाणीघरात बादली आणि तिच्यात 'ताबो', म्हणजे आपला पाणी घ्यायचा मग. अंगण झाडायला नारळाच्या हिरांचा खराटा, अगदी आमच्या घरचाच! फक्त जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर हातभर लांबीचा लाकडी चमचा आणि तेवढाच मोठा काटा टांगलेला होता. मला वाटलं, राक्षसाचं जेवण आहे की काय! पण असा जोड तिथे घरोघर शोभेला लावतात.

खाणंपिणंही ओळखीचं. तीन वेळा भात. आपण कसं शेतात 'भात', पोत्यात 'तांदूळ' आणि ताटात पुन्हा 'भात' म्हणतो, तसे त्यांचेही वेगवेगळे शब्द आहेत, 'पालाय', 'बिगास' आणि 'कानिन'. शुक्रवारी 'मुंगो', म्हणजे आपले मूग! पातळ शिजवायचे, त्यात शेवग्याचा पाला टाकायचा आणि बाजूला तळलेली सुकी मासळी. तो वास आला आणि मला घरची इतकी आठवण झाली की मी दोनदा भात घेतला. सकाळी 'पान दे साल' नावाचा छोटा पाव. 'पान' म्हणजे स्पॅनिश भाषेत पाव. आपला 'पाव' हा शब्द आला पोर्तुगिजांकडून, त्यांचा स्पॅनिशांकडून. दोन शेजारी देशांच्या जहाजांतून निघालेले हे दोन भाऊ, एक गोव्यात उतरला आणि एक मनिलात! आणि चिकूला ते काय म्हणतात माहीत आहे? 'चिको'! हे फळ मुळात ना त्यांचं ना आपलं. ते मेक्सिकोचं. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश जहाजं मेक्सिको आणि मनिला यांच्यामध्ये ये-जा करत, त्यांतून ते तिकडे पोचलं. तुम्ही कुणाच्याही घरी गेलात आणि ती मंडळी जेवत असली, तर "काओन ता!" म्हणजे "चला, जेवू या" असं म्हटल्याशिवाय घास घेत नाहीत.

दोंगने मात्र मला पहिल्या दिवशी चांगलंच फसवलं. मी विचारलं, "तू तिसरीत आहेस ना?" तो काही बोलेना, नुसत्या भुवया उडवल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा भुवया. मला वाटलं, काय आगाऊ पोरगं आहे! भाऊ हसायला लागला. अहो, भुवया उडवणं म्हणजे 'हो'! आणि "तुझी आई कुठे आहे?" विचारलं तर हात न उचलता त्याने ओठांचा चंबू करून पडद्याकडे रोखला. तिकडे बोटाने दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात.

त्या पडद्याआडच आतेचं ऑफिस होतं.

पहिल्या रात्री मला झोप येईना. फिलिपिन्सचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथे रात्रीचे साडेअकरा झाले तरी माझ्या अंगात नऊच वाजलेले. पाणी प्यायला खाली आले, तर पडद्याआडून उजेड येत होता आणि आते कुणाला तरी हसतमुख आवाजात म्हणत होती, "गुड मॉर्निंग!" मध्यरात्री गुड मॉर्निंग? मी घाबरलेच.

आता टेबलावर एक संत्रं ठेवा आणि बाजूला मेणबत्ती. संत्र्याच्या ज्या अंगावर उजेड पडतो त्याच्या बरोबर मागे अंधार असतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आणि दावाओ यांच्यामध्ये बरोबर बारा तासांचं अंतर पडतं. त्यामुळे आतेला घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत. तिकडे नऊ म्हणजे इकडे नऊच, फक्त रात्रीचे! तिच्या घरी रात्री नऊला उजाडतं आणि पहाटे पाचला दिवस मावळतो. थंडीत तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा मात्र हे गणित बिघडतं.

आतेचं काम काय? अमेरिकेच्या पूर्व भागातल्या एका गावात एक छोटं दुकान आहे. तिथे कुत्र्यांचे पट्टे, बिछाने, रेनकोट असं काय काय विकतात. हो, कुत्र्यांचे रेनकोट! त्या दुकानाची जाहिरात आते दावाओतल्या आपल्या खोलीत बसून करते. तुमच्या आठवडी बाजारात कोथिंबीरवाली मावशी "दहाला दोन, दहाला दोन" अशी हाळी देते ना? आतेचं काम म्हणजे तीच हाळी. फरक एवढाच की मावशीला आपली हाळी कुणी ऐकली ते कळत नाही, आणि आतेला सगळं कळतं. समजा, हजार लोकांना पत्र पाठवलं. त्यातलं दोनशे जणांनी उघडलं, वीस जण दुकानात डोकावले आणि दोघांनी रेनकोट घेतला. हे सगळे आकडे तिच्या पडद्यावर येतात. मग ती निम्म्या लोकांना पत्र पाठवते, "पाऊस येतोय, तुमच्या मोतीचं काय?" आणि उरलेल्या निम्म्यांना, "रेनकोटवर वीस टक्के सूट!" कोणतं पत्र जास्त उघडलं गेलं ते बघून पुढचं ठरवते. शेकडेवारी शिकून उपयोग काय, असं माझ्या वर्गात एकजण नेहमी विचारतो. त्याला मी आता आतेचा पत्ता देणार आहे.

खरं सांगू? मला हे काम आधी आवडलं नाही. लोकांना नको असलेल्या वस्तू घ्यायला लावायच्या, यात काय मोठेपण? मी तसं म्हटलंही. आते हसली. "मॅम, कुत्रा कधीच काही विकत घेत नाही, घेतात माणसंच. आणि त्यांना घ्यायचंच असतं," असं म्हणून तिने मला ताटलीतलं केळं दिलं. तपकिरी साखरेत तळून काडीला टोचलेलं केळं! चारच्या खाण्याला तिकडे 'मेरिएन्दा' म्हणतात आणि ते चुकवणं म्हणजे मोठंच पाप.

मग तिने सांगितलं, की तीही शिक्षिका होती. माझ्यासारखीच, प्राथमिकची. एका छोट्या खासगी शाळेत शिकवायची, पगार तुटपुंजा. २०२० साली साथ आली आणि शाळा बंद पडल्या. फिलिपिन्समधल्या शाळा जगात सर्वांत जास्त काळ बंद राहिलेल्या शाळांपैकी आहेत. तिची शाळा नंतर उघडलीच नाही. तेव्हा तिने मोबाइलवर बघून बघून हे काम शिकून घेतलं.

आणि तिला इतकं चांगलं इंग्रजी कसं येतं? ती गोष्ट जुनी आहे. स्पेनने तिथे तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, मग १८९८ मध्ये तो देश अमेरिकेच्या हाती गेला. ऑगस्ट १९०१ मध्ये 'थॉमस' नावाचं अमेरिकन जहाज मनिलाला लागलं. त्यातून सैनिक नाही उतरले, उतरले सुमारे पाचशे शिक्षक! गावोगाव त्यांनी इंग्रजी शाळा चालवल्या. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला, इंग्रजी मात्र राहिली. आज अमेरिकेतला माणूस फोनवर तक्रार करतो ती ऐकणारी मुलगी पुष्कळदा फिलिपिन्समध्ये असते, त्याच्या मुळाशी ते जहाज आहे. जहाजभर शिक्षक! मला तर ते चित्र डोळ्यांपुढून हलेना.

आते तासावर पैसे घेते. तिच्या संगणकात एक पहारेकरी आहे. तो मधूनमधून तिच्या पडद्याचा फोटो काढून अमेरिकेला पाठवतो, आते काम करतेय की डुलक्या काढतेय ते कळावं म्हणून. कायमच्या नोकरांना फिलिपिन्समध्ये डिसेंबरात तेराव्या महिन्याचा पगार द्यावाच लागतो. १९७५ पासून तसा कायदा आहे. पण आते कुणाची कायमची नोकर नाही, म्हणून तिला तो नाही. आजारपणाची रजा नाही. म्हातारपणाच्या पेन्शनीचे पैसेही तिचे तिनेच भरायचे.

आणि झोप? ती दिवसा. पहाटे पाचला काम संपलं की शिळ्या भाताला लसणाची फोडणी द्यायची, दोंगला उठवून शाळेत पाठवायचं आणि जाड पडदे ओढून आडवं व्हायचं. तेवढ्यात शेजाऱ्यांचे कोंबडे सुरू होतात. तिथे घरोघर कोंबडे! दुपारी कुणाचा वाढदिवस असला तर 'व्हिडिओके' चालू, म्हणजे टीव्हीसमोर माइक धरून गाणं म्हणायचं आणि यंत्राने गुण द्यायचे. एकदा रात्री मीटिंग चालू असताना कोंबडा आरवला आणि तिकडच्या मालकाने विचारलं, "तू शेतावर राहतेस का?" लोला हे सांगताना हसून बेजार व्हायची. आतेच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं होती. मी तीन आठवड्यांत तिला सलग पाच तास झोपलेली पाहिली नाही.

आता २७ मेची रात्र. मे महिन्यातला शेवटचा सोमवार. त्या दिवशी अमेरिकेत युद्धात पडलेल्या सैनिकांची आठवण करतात आणि, काय सांगावं, दुकानांत मोठी विक्रीही लावतात! दुकानाचं पत्र अकरा हजार गिऱ्हाइकांना रात्री ठीक नऊला आपोआप जायचं होतं. ते तयार केलं होतं आतेबरोबर काम करणाऱ्या एका मुलीने. ती राहते पार उत्तरेला, केसोन प्रांतात. नेमकं त्याच शनिवार-रविवारी तिकडे 'आघोन' नावाचं वादळ येऊन गेलं होतं. तिच्या गावची वीज गेलेली, फोन बंद. वादळ यायच्या आत तिने घाईघाईत पत्र संपवून ठेवलं होतं.

साडेआठला आतेने सहज म्हणून ते पत्र एकदा वाचलं आणि ती ओरडलीच. रेनकोटची किंमत ४५ डॉलर हवी होती, छापली होती ४.५! एक टिंब, मुलांनो, एवढंसं टिंब. अकरा हजार लोकांना तसं पत्र गेलं असतं तर दुकानाचं दिवाळं आणि आतेची सुट्टी.

आणि त्याच क्षणी वीज गेली.

रस्त्याच्या टोकाला धाडकन आवाज झाला आणि सगळी गल्ली काळी ठिक्कर. विजेची पेटी उडाली होती. तिकडे याला 'ब्राऊनआउट' म्हणतात, अंधार पुरता काळा असला तरी! आतेचा लॅपटॉप जुना, तारेशिवाय चालतच नसे. इंटरनेटचा डबा मेलेला. तिच्या फोनमध्ये सहा टक्के चार्ज. भावाच्या फोनमध्ये चार्ज भरपूर, पण पैसे संपलेले.

"लोड!" लोला म्हणाली. अंधारात चाचपडत ती आपल्या दुकानात गेली, बटणांचा जुना फोन काढला आणि स्वतःच्याच भाडेकरूला पन्नास पेसोंचं रिचार्ज विकलं. म्हणजे आपले साधारण सत्तर-बहात्तर रुपये. आम्ही सगळे जिन्याने वर धावलो, कारण वरच्या सज्जात रेंज बरी येते. आते भावाच्या फोनवर पान उघडायला लागली. पांढरं वर्तुळ फिरतंय, फिरतंय. दोंगच्या हातात बॅटरी, तिचा उजेड थरथरत होता. मी पुठ्ठ्याने आतेला वारा घालत होते. खरं तर त्याचा काही उपयोग नव्हता, पण हाताला काम हवं ना! पान उघडलं, तर ते म्हणतं, तुमच्या फोनवर आलेला गुप्त आकडा टाका. तो आकडा आतेच्या फोनवर, तिथे आता तीन टक्के. दोंगने आकडे मोठ्याने वाचले. एक एक, सावकाश, वर्गात उजळणी म्हणावी तसे. ८ वाजून ५७ मिनिटांनी आतेने ते पत्र थांबवलं. मग टिंब काढलं, पुन्हा पुन्हा तपासलं आणि ९ वाजून ४ मिनिटांनी पत्र सुटलं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, "वीज आली का?"

वीज आली मध्यरात्रीनंतर. तोवर सगळे सज्जातच बसलो. खाली सगळा अंधार, वर कधी नव्हे इतके तारे. लोला बोलायला लागली. तिला इंग्रजी बेताचंच, आते अर्थ सांगत होती. १९९६ साली लोला हाँगकाँगला गेली, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायला आणि त्यांची मुलं सांभाळायला. तेव्हा आते सहा वर्षांची होती. करार दोन-दोन वर्षांचा, तो संपला की थोडे दिवस घरी यायचं आणि पुन्हा जायचं. रविवारी सुट्टी. त्या दिवशी हाँगकाँगमधल्या फिलिपिनो बायका भर शहरात, बँकांच्या उंच इमारतींखाली, पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात, एकमेकींचे केस विंचरतात. लोला तिथे बसून टेपरेकॉर्डरवर आपला आवाज भरायची आणि कॅसेट घरी पाठवायची. "अभ्यास कर, आजीचं ऐक, दात घास." इकडून आते कॅसेट पाठवायची. पहिल्या कॅसेटमध्ये ती बोललीच नाही, लाजून नुसती गाणी म्हणत राहिली. लोलाने ती एवढी ऐकली की फीत तुटली. दोन वर्षांनी लोला मोठं खोकं घेऊन दारात आली. त्यात चॉकलेटं, साबण, बूट, सगळं होतं. आते पळत जाऊन आपल्या आजीच्या मागे लपली. आईला तिने ओळखलंच नव्हतं. लोला चौदा वर्षं हाँगकाँगला होती. हे घर त्या पैशांतून उभं राहिलंय.

मला काही बोलवेना. माझे वडील मुंबईला एका छापखान्यात होते. आमच्या गावातले निम्मे बाप मुंबईला चाकरमानी. महिन्याला मनिऑर्डर यायची आणि गणपतीला बाबा यायचे, ट्रंकेत बिस्किटांचे पुडे घेऊन. दर वर्षी पहिला दिवस मी त्यांना 'अहो' म्हणायची, मग आई ओरडली की 'अरे बाबा' म्हणायला लागायची. हे मी त्यांना सांगितलं. आतेने त्याचा अर्थ लोलाला सांगितला, तर लोलाने माझा हात घेऊन नुसता धरून ठेवला.

दोंगचे वडील बोटीवर नोकरी करतात. जगातल्या कितीतरी मालवाहू जहाजांवर फिलिपिनो खलाशी असतात. ते घरी असतात त्यापेक्षा समुद्रावरच जास्त. "म्हणून मी रात्र विकते," आते म्हणाली, "दोंग शाळेतून येतो तेव्हा मी दारात असते." मांडीवर दोंग केव्हाच झोपला होता.

दुसऱ्या दिवशी हिशेब आला. त्यात आदल्या रात्रीचे तीन तास कापलेले! फोनवर काम केलं तेव्हा तो पहारेकरी लॅपटॉपमध्ये बंद होता ना. पडद्याचा फोटो नाही, म्हणजे काम नाही. मी चिडले. म्हटलं, मालकाला कळव, दुकान वाचवलंस तू! आतेने कळवलं नाही. टिंबाची चूक सांगायची तर ती केसोनमधल्या मुलीवर जाणार, आणि तिच्या घराचं छप्पर नुकतंच उडालेलं.

मी परत आले. वर्षभर अधूनमधून निरोप येत राहिले. २०२५ च्या जूनमध्ये भावाने कळवलं, की दुकानाने आतेचे तास निम्मे केलेत. पत्रं आणि जाहिराती आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र लिहितं, आतेने ती फक्त तपासायची. टिंबं तपासायला माणूस लागतोच, एवढं तरी बरं! आतेने ऑस्ट्रेलियातल्या एका रोपवाटिकेचं थोडं काम धरलंय. तिकडचं घड्याळ दावाओच्या जवळपासचं, म्हणून ते दिवसा करता येतं. पण तेवढ्याने भागत नाही. आखातात आयाबायांच्या नोकऱ्या आहेत. तिने त्याचा अर्ज आणून, भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. लोलाने तो अर्ज तांदळाच्या डब्याखाली सारलाय आणि डबा ती कुणाला हलवू देत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका शनिवारी मी शाळेतून दोंगला व्हिडिओ फोन लावला. माझी सगळी मुलं फोनभोवती कोंबड्यांसारखी गोळा झाली. दोंग बराच उंच झालाय. मुलांनी आधी बेटं किती आणि वादळ कसं दिसतं ते विचारून घेतलं. मग एका मुलीने विचारलं, "तुझी आई कुठे कामाला जाते?"

दोंगने हात उचलला नाही. ओठांचा चंबू करून मागच्या पडद्याकडे रोखला. पडद्याआड दिवा लागलेला होता.

तेव्हापासून आमच्या वर्गात खडू कुणी मोडला असं विचारलं, की सगळेच्या सगळे ओठांनी एकमेकांकडे दाखवतात.